किंदमाची तक्रार

मिशिगनमध्ये होते तेव्हा आमच्या टीमच्या सामायिक कॅलेंडरवर १५ नोव्हेंबरचा चौकोन जानेवारीतच भरलेला असायचा. अठरा जणांपैकी चार जण त्या दिवशी रजेवर. पहिल्या वर्षी मला वाटलं, काहीतरी सरकारी सुट्टी असेल आणि आपल्याला कळवायचं राहिलं असेल. मग कळलं, त्या दिवशी बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम उघडतो. १९२५ पासून हीच तारीख, वार कुठलाही असो. काही गावांत शाळासुद्धा बंद असतात. आमचं रिलीजचं वेळापत्रक आखणारा माणूस ह्या तारखेच्या आजूबाजूला काही ठेवत नसे. गणपतीत कोकणातल्या माणसाकडून कोणी कामाची अपेक्षा करत नाही, तसंच.

त्या चौघांतला एक, पंचावन्नच्या आसपासचा टेस्टर, माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या टेबलावर शिकारीच्या मासिकांचा गठ्ठा असे. बिल्ड चालू असताना हाताला काहीतरी चाळा लागतो म्हणून मी ती उघडायला लागले आणि मग सवयच लागली. दोन वर्षं वाचल्यावर लक्षात आलं की हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. त्याला ठरलेला घाट आहे, निष्ठावान वाचक आहेत, चांगले आणि वाईट लेखक आहेत. फक्त त्याच्याकडे साहित्य म्हणून कोणी बघत नाही. आणि ह्या प्रकाराला जो प्रश्न विचारायला हवा, तो आपल्याकडे एका फार जुन्या ग्रंथात आधीच विचारून ठेवलेला आहे.

आधी प्रकाराबद्दल. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अंकात एक लेख येतो. दरवर्षी येतो आणि साधारण तोच येतो. विषय एकच: ह्या वर्षी हरणांचा माज नेमका कधी? पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा प्रौढ नर वर्षातले दहा-अकरा महिने जवळजवळ दिसतच नाही. रात्री चरतो, दिवसा दाट झाडीत बसून राहतो, वारा नाकावर घेऊन चालतो. मग दिवस लहान व्हायला लागतात, अंगात संप्रेरकं चढतात आणि नोव्हेंबरच्या दोन-तीन आठवड्यांत हाच प्राणी भर दुपारी उघड्या शेतातून नाक जमिनीला लावून पळताना दिसतो. खाणं जवळपास सोडतो. ह्या काळात नराचं वजन पाचव्या हिश्श्यानंसुद्धा घटतं. रस्ता ओलांडताना काही बघत नाही. मिशिगनमध्ये वर्षाला पन्नास हजारांहून जास्त वेळा गाड्या आणि हरणं एकमेकांवर आदळतात, आणि त्यातला सर्वांत वाईट महिना नोव्हेंबर. इंग्रजीत ह्या काळाला ‘रट’ म्हणतात. गंमत म्हणजे अगदी त्याच उच्चाराचा दुसरा शब्द चाकोरीसाठी आहे. नराला चाकोरीतून बाहेर काढणारा काळही रट आणि चाकोरीही रट.

लेखात ह्या काळाचे टप्पे पाडलेले असतात. आधी नर झाडाच्या बुंध्यावर शिंगं घासतो. मग खुरानं जमीन उकरून त्यावर मुततो, वरच्या फांदीला तोंड घासून आपला वास ठेवतो. मग पाठलाग. मग सापडलेल्या मादीला बाकीच्यांपासून वेगळं काढून दिवसभर तिच्याभोवती ठाण मांडणं. ह्या शेवटच्या टप्प्याला मासिकवाले ‘लॉकडाउन’ म्हणतात, आणि तो शब्द ते २०२० च्या आधीपासून वापरत आले आहेत. प्रत्येक टप्प्याला वेगळी युक्ती: दोन शिंगं एकमेकांवर आपटून भांडणाचा आवाज काढायचा, नराच्या हुंकारासारखा आवाज देणारी नळी फुंकायची, माजावरच्या मादीच्या मुताची बाटली आणून लपणाजवळ शिंपडायची. ही बाटली दुकानात मिळते. हरणांमधल्या मेंदूच्या एका रोगाच्या भीतीनं काही राज्यांनी तिच्यावर बंदी घातली आहे, तेव्हा कृत्रिम वासाच्याही निघाल्या.

गद्य कसं आहे? अर्धं हवामान खात्याचं, अर्धं लष्करी. लेखक कायम पहाटे चारला उठलेला. शेवटी मेलेल्या नराच्या शिंगांना किती टोकं होती त्याची मोजणी. पण ह्याच गद्यात मधेच असं निरीक्षण येतं की चितमपल्ली वाचून वाढलेल्या वाचकानंही थांबावं. गोठलेल्या गवतावरून हरीण चालताना होणारा आवाज आणि खारीचा आवाज ह्यांतला फरक, उतारावरची थंड हवा पहाटे खाली आणि उन्हं आल्यावर वर कशी वाहते, नर मादीमागून येताना तो दिसायच्या आधी मादी मागे वळून कशी बघते. ह्या लेखकांना जंगल माहीत आहे. त्यामुळेच त्यांच्या लिखाणात जे नाही ते जास्त खटकतं.

ह्या प्रकारातला सर्वांत रंजक वाद चंद्राचा. चार्ल्स अल्सहायमर नावाचा नामांकित लेखक-छायाचित्रकार होता. त्यानं मांडलं की शरद संपातानंतरची दुसरी पौर्णिमा माजाला चालना देते. म्हणजे आपल्या हिशोबानं बहुधा त्रिपुरी पौर्णिमा, अधिक मास येऊन गेला असेल त्या वर्षी कोजागिरी. ह्या सिद्धांतावर पुस्तकं आली, तक्ते आले, दरवर्षीची भाकितं आली. इंजिनिअर म्हणून मला ह्या भाकितांची ओढ कळते. तारीख दरवर्षी हलत असेल तरच दरवर्षी नवा लेख लिहिता येतो.

पण तारीख हलत नाही. ती कशी काढतात हे मला कळलं तेव्हा माझा ह्या साहित्याकडे बघायचा डोळाच बदलला. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या माद्या वन्यजीव खात्याचे लोक उघडतात. गर्भ काढतात, कपाळापासून ढुंगणापर्यंत मोजपट्टीनं मोजतात. लांबीवरून गर्भाचं वय आणि वयावरून मादी कुठल्या दिवशी फळली ते मागे मोजत काढतात. वर्षानुवर्षं अशी मोजमापं झाली आणि प्रत्येक ठिकाणी आलेख दरवर्षी त्याच जागी उंचावला. उत्तरेकडच्या राज्यांत साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर. चंद्र कुठेही असो, थंडी लवकर पडो की उशिरा. घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. आपल्याकडे सण चांद्र आहेत म्हणून इकडेतिकडे सरकतात, पण शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं सौर आहेत म्हणून मृग ७-८ जूनलाच लागतो. त्यातलाच हा फरक. आणि गर्भकाळ दोनशे दिवसांच्या आसपास असल्यानं नोव्हेंबरच्या मध्यावर फळलेली मादी विते तीही मृग लागायच्या सुमारालाच.

म्हणजे माजाचं वेळापत्रक सांगणारी शास्त्रीय वही मेलेल्या माद्यांच्या पोटात लिहिलेली आहे. आणि मासिकांच्या लेखांत मादी जवळजवळ नाही. असते ती आमिष म्हणून: मादी कुठे चरते ते शोधा, नर आपोआप येईल. मुखपृष्ठावर नर, मोजणी नराच्या शिंगांची, ‘माज’ही नराचा. खरं तर नर आठवडेच्या आठवडे तयार असतो. वेळ ठरवते ती मादी. ती साधारण एक दिवस माजावर असते, तो चुकला तर अठ्ठावीस दिवसांनी परत. नोव्हेंबरातला तो सगळा गोंधळ म्हणजे हजारो माद्यांचे एकेक दिवस एकमेकांना लागून येणं.

इथं मराठी मला जास्त नेमकी वाटते. आजोळी गोठा होता. ‘माजावर आली’ हे आमच्याकडे फक्त गाईम्हशीबद्दल म्हणायचे. आजी पहाटे गोठ्यात जाऊन आली की एका वाक्यात सांगायची आणि आजोबा डॉक्टरला निरोप धाडायचे, कारण माज चुकला की एकवीस दिवस गेले. ‘मुका माज’ असाही शब्द होता, गाय हंबरत नाही, काही दाखवत नाही, पण असते. तो फक्त आजीला ओळखू यायचा. नराचा मात्र माज ‘उतरवायचा’ असतो, मग तो वळूचा असो की पुढाऱ्याचा. एकाच शब्दात मादीची वेळ आणि नराची मस्ती. अमेरिकन मासिकांनी त्यातली फक्त मस्ती घेतली.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या टेस्टरनं विचारलं, येतेस का बघायला? बंदुकीला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. मी हो म्हटलं. अंगावर नारिंगी जाकीट चढवून पहाटे साडेपाचला शेताच्या कडेनं चालत निघालो. आभाळ स्वच्छ होतं आणि पश्चिमेकडे झुकलेला मृग दिसत होता, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण, खाली व्याध. माझ्या सोबत्यानं तिकडे बोट करून सांगितलं की तो शिकारी आहे, ओरायन. मी म्हटलं, आमच्याकडे ते हरीण आहे. तो थांबला. तेच तारे? तेच तारे. टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिलं ते ह्याच नक्षत्रावर, वेदांचा काळ काढण्यासाठी. त्यामागची ऐतरेय ब्राह्मणातली कथा मी त्याला अंधारात चालत सांगणार नव्हते, कारण ती विचित्र आहे. प्रजापती हरणाचं रूप घेऊन हरिणी झालेल्या स्वतःच्या मुलीमागे लागतो आणि रुद्र त्याला बाण मारतो. माजातल्या हरणावर सोडलेला आपल्या परंपरेतला हा बहुधा सर्वांत जुना बाण. पण तिथं मारणाऱ्याला कोणी दोष देत नाही. कामना हाच तिथं अपराध आहे आणि बाण ही शिक्षा.

लपण म्हणजे लाकडी खोकं होतं, समोर फट. पावणेनऊच्या सुमाराला झाडीतून एक मादी आली. उघड्यावर येऊन तिनं मागे वळून बघितलं, अगदी मासिकात लिहिल्यासारखं. मग तो आला. आम्ही साठ-सत्तर पावलांवर होतो, वारा आमच्याकडून तिरका त्याच्याकडे जात होता, एरवी त्याला वास लागला असता. त्याला काही लागत नव्हतं. तोंड किंचित उघडं, नाक तिच्या वाटेवर. तो थांबत नव्हता म्हणून माझ्या सोबत्यानं तोंडानं ‘मॅऽ’ असा आवाज काढला. मादीसारखा. नर थांबला आणि आमच्याकडे बघितलं. मग गोळी.

मी शाकाहारी नाही, आणि मला त्यात क्रौर्य दिसलं असं म्हणणं खोटं ठरेल. एका गोळीत मेला, मांस फ्रीझरमध्ये गेलं, वर्षभर पुरलं, मीही खाल्लं. पण तो आवाज डोक्यातून जाईना. त्या रात्री खोलीवर परतल्यावर मला पांडू आठवला.

पांडूची गोष्ट आपल्याला इतकी माहीत असते की ती आपण वाचतच नाही. मृगया करताना पांडूनं रत होत असलेल्या हरणाच्या जोडीवर बाण सोडले, ते हरीण म्हणजे किंदम ऋषी निघाला, त्यानं शाप दिला की तूही स्त्रीसंग करताना मरशील. शाळेत, कीर्तनात, टीव्हीवरच्या मालिकांत ही गोष्ट दोन मिनिटांत उरकतात, कारण तिचं काम फक्त एक: पांडूला मुलं होणार नाहीत अशी सोय करणं, म्हणजे कुंतीचा मंत्र, म्हणजे पाच पांडव. कथानकाचा एक खिळा. माझी तक्रार ह्या वाचनाबद्दल आहे. आदिपर्वात शाप येतो तो शेवटी. त्याआधी आहे तो मरणारं हरीण आणि राजा ह्यांच्यातला रीतसर वाद, आणि त्या वादाचा विषय आहे वेळ.

हरीण म्हणतं, कामक्रोधानं भरलेले, पापात रमलेले लोकसुद्धा असं वागत नाहीत. पांडू राजासारखं उत्तर देतो: शत्रूला मारायचा जो न्याय तोच हरणाला मारायचा. सावध असो की बेसावध, उघडपणे असो की युक्तीनं, राजे हरणं मारतात. वर अगस्त्याचा दाखला देतो, की ऋषींनीही मृगया केली आहे, मग मला कसला दोष? हा बचाव कच्चा नाही. आजच्या कुठल्याही शिकाऱ्याचा बचाव ह्याहून पुढे गेलेला मी वाचलेला नाही. आणि किंदमाचं उत्तर मला संपूर्ण आदिपर्वातल्या सर्वांत समंजस बोलण्यांपैकी एक वाटतं. तो म्हणतो, तू हरणं मारतोस ह्याचा मला राग नाही. तू मला मारलंस ह्याचाही नाही. मी ऋषी आहे हे तुला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ब्रह्महत्याही तुला लागणार नाही. माझं म्हणणं एवढंच की तू थांबायला हवं होतंस.

किती बारीक मागणी आहे ही. अहिंसा नाही, दया नाही, मृगयाबंदी नाही. थोडं थांबणं. ज्या क्षणी जीव स्वतःचा राहिलेला नसतो, तो क्षण शिकाऱ्यानं वापरू नये. आणि अमेरिकन मासिकांतला हा सगळा साहित्यप्रकार नेमका उलट पायावर उभा आहे: तो क्षण कधी येतो ते शोधा आणि तिथं आधीच जाऊन बसा.

शापाची रचनाही बघण्यासारखी आहे. किंदम पांडूला लगेच मारत नाही. शाप वाट बघतो. वर्षं जातात, मुलं होतात, आणि मग वसंत येतो. महाभारतकार तिथं फुललेल्या झाडांचं वर्णन करतो, पळस, आंबा, चाफा, आणि त्या वनात पांडूबरोबर फक्त माद्री असते. पांडूला शाप माहीत आहे, माद्री त्याला अडवते, तरी त्याला काही ऐकू येत नाही. तोंड किंचित उघडं, नाक तिच्या वाटेवर. ऋतू पाहून, सावज पूर्ण बेसावध होईपर्यंत लपणात बसून राहणारा शिकारी ह्या गोष्टीत पांडू नाहीच. तो शाप आहे.

मारण्याची वेळ हा प्रश्न कायद्यांनीही सोडवलेला आहे, पण किंदमाच्या कारणासाठी नाही. मिशिगनचा १५ नोव्हेंबर ऐन माजात पडतो. पेनसिल्व्हेनियात अनेक दशकं रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, म्हणजे भर ओसरल्यावर. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणाच्या नराची शिकार २० ऑक्टोबरला थांबायची, कारण माजात झिजलेल्या नराचं मांस वास मारतं. २०२३ मध्ये हरणांची संख्या आवरेना म्हणून नरांचा बंद काळच काढून टाकला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर प्रश्नच उरला नाही.

पेनसिल्व्हेनियावरून ‘द डिअर हंटर’ आठवणारच. मायकल चिमिनोचा १९७८ चा हा सिनेमा मी तीनदा पाहिला, आणि पोलादाच्या गावातली ती लांबलचक लग्नाची वरात मला अजून आवडते. लग्नाची रात्र आणि लगेच पहाटे शिकार, असा जोड दिग्दर्शकानं लावला आहे, म्हणजे त्याला काहीतरी जाणवत होतं. पण शिकार सुरू झाली की सिनेमा ढोंगी होतो. पेनसिल्व्हेनियाच्या टेकड्यांच्या जागी बर्फाळ सुळके येतात, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या जागी भलताच दांडगा सांबरासारखा नर येतो, मागे गायकवृंद. एकाच गोळीत मारायचं, हा डी नीरोच्या मायकलचा धर्म. युद्धावरून परतल्यावर तो नर समोर असून सोडून देतो आणि आपण हेलावतो. पण ते हरीण काय करत होतं तिथं? कुठून आलं, कशामागे होतं? सिनेमाला पर्वा नाही. ते मायकलकडे बघायला आलेलं आहे. त्याच्या आयुष्यात दुसरं काही चालू नाही, म्हणून थांबण्याचा प्रश्नही येत नाही.

फॉकनर जास्त जवळ पोचला. ‘गो डाऊन, मोझेस’ ह्या १९४२ च्या पुस्तकात ‘डेल्टा ऑटम’ नावाची कथा आहे. ऐंशीला टेकलेला आयझॅक मॅकॅस्लिन नोव्हेंबरात, बहुधा शेवटचाच, शिकारीच्या तळावर निघालेला आहे. गाडीत बाकीचे पुरुष तरुण रॉथला चिडवतात की ह्याचं लक्ष एका दोन पायांच्या हरिणीवर आहे. दुसऱ्या दिवशी रॉथ शिकारीला गेलेला असताना एक बाई तान्हं मूल घेऊन तंबूत येते. रॉथनं तिच्यासाठी पैशाचं पाकीट म्हाताऱ्याकडे ठेवून पळ काढलेला आहे. बोलता बोलता म्हाताऱ्याला कळतं की ही बाई कृष्णवर्णीय वंशातली आहे आणि त्यांच्याच घराण्याच्या लपवलेल्या शाखेतली आहे. आजोबा-पणजोबांचं पाप रॉथनं पुन्हा केलं आहे. जंगलाचा एवढा मोठा जाणकार म्हातारा तिला पैसे देतो, मुलासाठी शिकारीचं शिंग देतो आणि निघून जा, आपल्यातल्या कोणाशी लग्न कर म्हणतो. ती त्याला जे विचारून जाते त्याचा मतलब असा, की प्रेम म्हणजे काय हे तुम्ही विसरलात का. मग एकजण चाकू न्यायला येतो, रॉथनं हरीण पाडलंय. कसलं हरीण, ह्यावर तो नीट उत्तर देत नाही. म्हाताऱ्याला न सांगता कळतं की मादी आहे.

मिसिसिपीत हरणांचा माज नोव्हेंबरात नसतोच, डिसेंबर-जानेवारीत असतो. फॉकनरसारख्या शिकार करणाऱ्या माणसाला आपल्या रानातलं हे ठाऊक असणार असं मी धरून चालते. तसं असेल तर त्या तळावर माज फक्त पुरुषांचा आहे, आणि मारली जाते ती जिचा त्याच्याशी काही संबंध नाही ती. ही कथा मला मासिकांच्या त्या गठ्ठ्यावरची सर्वांत कडक समीक्षा वाटते. पण ती मला पूर्ण समाधान देत नाही. शेवटी मादी मेली हे म्हाताऱ्याला कळलं, ह्यातलं दुःख म्हाताऱ्याचं आहे. बाई मूल घेऊन कुठे गेली ते फॉकनर सांगत नाही.

हे सगळं मी लिहितेय ते स्वच्छ हातांनी नाही. पुण्यात परतल्यावर मी एका झटपट कर्ज देणाऱ्या अॅपसाठी काम केलं. माझ्याकडे नोटिफिकेशन कधी पाठवायचं ते ठरवणारा भाग होता. प्रत्येक माणसाचा मागचा डेटा बघायचा आणि तो कधी सर्वांत सहज बटण दाबतो ती वेळ काढायची. उत्तर बहुतेकांचं सारखं आलं: महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्री अकरानंतर. आम्ही त्याला ‘विंडो’ म्हणायचो. मी तो कोड लिहिला आणि चांगला लिहिला. मीटिंगमध्ये एकदा मी विचारलं की ही वेळ वगळून पाठवलं तर? उत्तर आलं, आपण काय जबरदस्ती करतोय का, माणूस जागा आहे, सज्ञान आहे. सावध असो की बेसावध. मी पुढे बोलले नाही. आठ महिन्यांनी नोकरी सोडली, पण त्या कारणासाठी सोडली असं सांगितलं तर ते खरं नाही, पगार जास्त मिळाला म्हणून सोडली.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. पांडू मला रात्री आठवला असं वर लिहिलं, तो ह्या संवादानंतर. परतीच्या वाटेवर, नर मागे ट्रकमध्ये, माझ्या सोबत्यानं सकाळच्या त्या ताऱ्यातल्या हरणाबद्दल पुन्हा विचारलं. प्रजापतीची कथा टाळायची म्हणून मी त्याला हरणाची दुसरी एक गोष्ट आहे असं सांगून पांडूची गोष्ट सांगितली, शाळेत ऐकली होती तशी, दोन मिनिटांत. तो बराच वेळ गाडी चालवत राहिला. मला वाटलं, आता तो स्वतःची बाजू मांडेल. त्यानं विचारलं, “आणि मादीचं काय झालं?”

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हटलं, पळून गेली असेल. आमची सकाळची मादी पळून गेली होती, गोळीच्या आवाजासरशी शेपटी वर करून.

त्या रात्री मी खोलीवर लॅपटॉप उघडला आणि आदिपर्वातला तो अध्याय पहिल्यांदा शब्दाला शब्द लावत वाचला. वर लिहिलेला सगळा वाद मला त्या रात्री सापडला. मादी सापडली ती त्याच्याही आधी, एका ओळीत. पांडूचे बाण पाच होते, आणि ते दोघांनाही लागले. हरीण तिला बिलगलेलाच खाली पडला आणि माणसाच्या आवाजात बोलायला लागला. पुढे तो खूप बोलतो. न्यायाबद्दल, राजधर्माबद्दल, स्वतःच्या तपाबद्दल, माणसांत लाज वाटते म्हणून हरीण होऊन रानात राहतो त्याबद्दल. तिच्याबद्दल तो जवळजवळ काही बोलत नाही. तिला नाव नाही, आणि ती अध्याय संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्याला सांगितलं. ती पण मेली. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, “असंच वाटलं होतं. पाच बाण म्हणालीस ना.”